सोंगातली वैखरी

देवदत्तच्या छातीतलं यंत्र लवकरच बोलायचं थांबणार, हे केतकी बोरस्तेला कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत कळलं. डबा उघडा, हातात पोळीचा तुकडा, आणि फोनवर कंपनीचा निरोप. वाग्मी न्यूरो ही कंपनी बंद होत होती. तिचं ‘वैखरी’ हे यंत्र दर तीन महिन्यांनी कंपनीच्या सर्व्हरकडून परवाना घ्यायचं. सर्व्हर गेला की परवाना संपणार, आणि परवाना संपला की यंत्र सुरक्षिततेसाठी आपोआप गप्प होणार. निरोपाच्या शेवटी दिलगिरी होती.

केतकीने पोळी डब्यात परत ठेवली.

तिचा नवरा देवदत्त जमीन मोजणी खात्यात होता. सहा वर्षांपूर्वी मेंदूच्या देठाशी रक्ताची गाठ अडकली आणि मानेखालचं सगळं शरीर गेलं, वाचाही गेली. बुद्धी मात्र शाबूत राहिली. पापण्या हलायच्या, नजर फिरायची, चमच्याने भरवलेलं सावकाश गिळता यायचं. बोलायची इच्छा झाली की मेंदू जिभेला, ओठांना, जबड्याला हुकूम सोडतो. देवदत्तच्या मेंदूतून ते हुकूम अजूनही सुटत होते, फक्त खाली पोचत नव्हते. वैखरीची पातळ जाळी मेंदूच्या त्या जागेवर बसवलेली होती. ती हुकूम वाटेतच टिपायची, गळ्याच्या हाडाखालच्या काडेपेटीएवढ्या संगणकाकडे पाठवायची, आणि तो त्याचे शब्द करून खुर्चीच्या स्पीकरमधून देवदत्तच्याच जुन्या आवाजात बोलायचा. वाणीच्या चार पायऱ्यांपैकी शेवटची, कानाला ऐकू येणारी, ती वैखरी. नाव ठेवणारा जाणकार होता.

कंपनीने जाता जाता एक पुण्य केलं. यंत्राचा बहुतेक सगळा प्रोग्राम सर्वांसाठी खुला केला. वैखरी वापरणाऱ्या कुटुंबांचा एक ग्रुप होता. त्यातल्या सगळ्यांच्या नजरा केतकीकडे वळल्या, कारण ती नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात पाण्याच्या पंपांना अक्कल देणारे डबे बनवायची. त्या डब्यांत लिनक्स ही संगणक चालवणारी खुली प्रणाली असायची, आणि वैखरीतही लिनक्सच होतं.

“मॅडम, पंपात बसतं ते माणसात बसेल ना?” चंद्रपूरहून विलास खोब्रागडेंनी विचारलं. ते वनखात्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या पत्नी प्रमिलाताई वैखरीनेच बोलायच्या.

“बसवायलाच लागेल,” केतकी म्हणाली.

अशा यंत्रासाठी लिनक्सची इमेज, म्हणजे सगळ्या प्रोग्रामांचा एक गठ्ठा, बांधणं हे अख्खं बिऱ्हाड एका ट्रंकेत भरण्यासारखं असतं. गाभा, त्यावर जाळीशी बोलणारे छोटे प्रोग्राम, त्यावर आवाज काढणारे, शिवाय प्रत्येकाला लागणारी किडुकमिडुक. आणि सगळं अशा चिपच्या भाषेत बांधायचं, जी तुमच्या टेबलावर नाहीच. काही राहिलं तर ट्रंक उघडतच नाही. पंपाच्या बाबतीत केतकी सरळ डब्यात इमेज घालून बघायची. बिघडला तर दुसरा डबा घ्यायचा. इथे डबा एकच होता आणि तो देवदत्तच्या कातडीखाली होता.

म्हणून तिने एम्युलेटर घेतला. एम्युलेटर म्हणजे सोंग. तिच्या लॅपटॉपने वैखरीच्या चिपचं सोंग घ्यायचं, इतकं बेमालूम, की आपण माणसाच्या छातीत नसून नाशिकच्या टेबलावर आहोत हे इमेजला कळूच नये. सोंगात नीट चाललं तरच खऱ्यात घालायचं.

बरेच दिवस ते सोंग वठलं नाही. कधी गाभा अर्ध्यावर कोसळायचा, कधी एखादा प्रोग्राम दुसऱ्याच चिपसाठी बांधलेला निघायचा. एका शनिवारी दुपारी पडद्यावर ओळींमागून ओळी सरकल्या आणि शेवटी कर्सर शांतपणे लुकलुकत थांबला. इमेज उभी राहिली होती.

देवदत्तच्या संमतीने यंत्रात त्याचे जुने संकेत आणि त्यांची बोललेली वाक्यं साठवलेली होती. केतकीने आदल्या आठवड्यातला एक तुकडा सोंगाला भरवला. त्या दिवशी देवदत्त म्हणाला होता, “भाजी छान झालीय. इतकं दमून येतेस, तरी सगळं करतेस.”

पडद्यावर उमटलं: भाजी. मीठ.

केतकीने कपाळाला हात लावला. काहीतरी चुकलं होतं.

तिने घड्याळाचा वेग तपासला. संकेत दर सेकंदाला किती वेळा मोजले जातात ते तपासलं. पुन्हा सगळं बांधलं. दुसरा तुकडा घेतला. त्या दिवशी देवदत्त म्हणाला होता, “तुझी बहीण आली की घर कसं भरल्यासारखं वाटतं.” सोंग म्हणालं: बहीण. कधी जाणार.

पुढचे दोन आठवडे तिने चूक शोधण्यात घालवले. चूक सापडेना. उत्तरं चुकीची म्हणावीत तर ती कचरा नव्हती. शब्द स्पष्ट होते, दर वेळी तेच यायचे. बिघडलेलं यंत्र बरळतं. हे यंत्र बरळत नव्हतं, तुसडेपणाने बोलत होतं.

शेवटी तिला एक साधी गोष्ट सुचली. डॉक्टरांसाठी ठेवलेल्या जोडणीतून तिने देवदत्तच्या यंत्रातली मूळ इमेज उतरवून घेतली आणि तीच सोंगात चालवली. संकेत तेच. पडद्यावर लगेच आलं: भाजी छान झालीय. इतकं दमून येतेस, तरी सगळं करतेस.

म्हणजे सोंग बरोबर होतं. तिची इमेजही बरोबर होती. फरक होता तो कंपनीने खुल्या न केलेल्या एका भागाचा. त्याचं नाव वाक्यपूरक. तो कुणा दुसऱ्याला विकला गेला होता.

वाक्यपूरकाचं काम समजायला सोपं आहे. फोनवर खरखर असली तरी आईचं बोलणं आपल्याला कळतं, कारण न ऐकू आलेले शब्द आपण मनाने भरतो. आई काय म्हणेल हे आपल्याला माहीत असतं. जाळीला देवदत्तचे थोडेच शब्द ठळक मिळायचे. बाकीचे वाक्यपूरक भरायचा. घरच्या बोलण्याची सवय व्हावी म्हणून त्याला आधी त्या घरातलं लिखाण वाचायला द्यायचे.

कंपनीच्या कागदपत्रांत इथवर वाचल्यावर केतकीला इस्पितळातली ती खोली आठवली. कंपनीचा तंत्रज्ञ देवदत्तचे मेसेज मागत होता. देवदत्तच्या मेसेजमध्ये ‘हो’, ‘निघालो’, ‘उशीर होईल’ याखेरीज काही नव्हतंच. तंत्रज्ञ म्हणाला होता, “मग तुमचे द्या मॅडम. घरची भाषा तीच ना.” आणि तिने फोन पुढे केला होता. सगळ्या वर्षांचा.

ती उठून स्वयंपाकघरात गेली, पाण्याचा पेला भरला आणि न पिताच परत आली.

एक गोष्ट तिने कुणाला सांगितलेली नव्हती. देवदत्त आजारी पडला तेव्हा ते वेगळे होणार होते. भांडण असं नव्हतं. घरात बोलणंच उरलं नव्हतं. त्याने दिंडोरीला खोली बघितली होती, वकील ठरला होता. मग गाठ अडकली. इस्पितळापुरती ती थांबली. त्याला बोलता यायला लागलं की त्याच्या बहिणीकडे सोपवायचं आणि निघायचं, असं तिने मनाशी ठरवलं होतं. वैखरी सुरू झाली त्या सकाळी ती पलंगाशी उभी होती. देवदत्तचं पहिलं वाक्य होतं, “तू थांब. तू नसलीस तर माझं कसं होईल?”

ती थांबली. आणि त्यानंतरचा देवदत्त वेगळाच होता. तो तिच्या कामाची चौकशी करायचा, तिच्या साडीचा रंग ओळखायचा. आजाराने माणूस मऊ झाला असं सगळे म्हणायचे. तिलाही तसंच वाटायचं. कधी कधी तर या आजाराचे आभार मानावेसे वाटायचे आणि मग तिची तिलाच लाज वाटायची.

आता तिने तो पहिला तुकडा शोधला आणि आपल्या इमेजला भरवला.

थांब. पाणी.

ती बराच वेळ त्या दोन शब्दांकडे बघत बसली. मग वाक्यपूरकाला दिलेल्या मेसेजमध्ये शोधलं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी देवदत्त मोजणीच्या कामावर गडचिरोलीला जाणार होता, तेव्हा तिने लिहिलेलं सापडलं: तू थांब ना. तू नसलास तर माझं कसं होईल?

त्याचं उत्तर होतं: निघालो.

सहा वर्षं आपण नक्की कुणाबरोबर राहिलो, हे तिला कळेना. रागावावं तर कुणावर? यंत्राने त्याचं काम केलं होतं. देवदत्तने पाणी मागितलं होतं. वाक्य तिचं होतं, तिलाच परत मिळालं होतं.

त्या आठवड्यात खोब्रागडेंचा फोन आला. तिने त्यांना सगळं सांगितलं. स्वतःचं नाही, वाक्यपूरकाचं.

ते म्हणाले, “मॅडम, आमची ही तोंडाने फटकळ होती. सगळं चंद्रपूर जाणतं. या चार वर्षांत मला ‘अहो, जेवलात का’ विचारते. तुम्ही तेवढं काढून टाकणार?”

“तंत्रज्ञाने मेसेज कुणाचे घेतले होते?”

“माझेच. हिला टाइप करायचा कंटाळा.”

“मग ते ‘जेवलात का’ बहुतेक तुमचंच आहे, साहेब. तुम्ही त्यांना विचारायचात.”

“मी?” खोब्रागडे म्हणाले. “मी विचारायचो होय? बघा, तेही ध्यानात नाही. पण मॅडम, काढू नका. कुणाचं का असेना, घरात येतं तर आहे.”

तिने फोन ठेवला आणि पहिल्यांदाच तिच्या लक्षात आलं, की ती ज्याच्याबद्दल हे ठरवतेय त्याला अजून काहीच विचारलेलं नाही.

रविवारी सकाळी तिने देवदत्तची खुर्ची गॅलरीच्या दाराशी आणली. त्याची काळजी घेणाऱ्या सुनंदाताईंना भाजी आणायला पाठवलं. त्याच्या यंत्राचे ताजे संकेत तिने बिनतारी जोडणीने लॅपटॉपवर घेतले, म्हणजे एकच विचार दोन वाटांनी बाहेर पडणार होता. स्पीकरमधून जुनी वैखरी बोलेल, पडद्यावर सोंगातली.

तिने त्याला सगळं सांगितलं. पाण्याचंही सांगितलं. देवदत्तचा चेहरा गेली सहा वर्षं होता तसाच होता. त्यावरून काही कळायची सोय नव्हती.

“आता मी साधं काहीतरी विचारते,” ती म्हणाली. “चहा घेणार?”

स्पीकर म्हणाला, “तू घेत असशील तर मीही घेईन. एकटीने नको पिऊस.”

पडद्यावर उमटलं: चहा. आलं नको.

“तुला आलं आवडत नाही?”

“तुझ्या हातचा चहा कसाही चालतो,” स्पीकर म्हणाला.

पडद्यावर: कधीच नाही.

तिला हसू आलं. इतकी वर्षं ती आलं किसून घालत होती. पण हसू टिकलं नाही. तिने स्पीकरचा आवाज बंद केला, नुसता पडदा ठेवला.

“तुला माहीत होतं? तुझ्या नावावर ते भलतंच बोलतंय हे?”

माहीत होतं.

“मग खोडलं का नाहीस? डोळे मिटून धरले की वाक्य थांबतं. तुला शिकवलं होतं ते.”

आधी खोडलं. दमलो.

ती थांबून राहिली. आणखी येतंय असं वाटत होतं.

नंतर बघायचो. काय बोलतंय. तुझा चेहरा.

“माझ्या चेहऱ्याचं काय?”

बरा दिसायचा.

गॅलरीत कुणाचा तरी टॉवेल वाऱ्याने दांडीवर फडफडत होता. केतकीने तो चिमट्यात अडकवला आणि येऊन बसली.

“त्या पहिल्या दिवशी तू थांब म्हणालास. ते थांब कुठलं होतं?”

या वेळी बराच उशीर लागला. देवदत्तची नजर तिच्यावर होती.

पाणी देईपर्यंत.

“आणि आता?”

माहीत नाही.

“मलाही माहीत नाही,” केतकी म्हणाली. बोलल्यावर तिला जरा मोकळं वाटलं आणि त्याचंच आश्चर्य वाटलं. “पण आता निदान तू खरा कसा बोलतोस ते कळलं.”

देवदत्तने डोळे मिटले, उघडले. पडद्यावर एकेक शब्द आला.

हा पण मी नाही.

“म्हणजे?”

मी म्हणतो. हे गाळतं. हलके शब्द गाळतं.

तिने संकेतांचा आलेख उघडला. आतापर्यंत तिने ठळक उंचवटे बघितले होते, इमेजही तेवढेच घेत होती. तिने मधल्या सपाट भागाची उंची वाढवली. चहा आणि आलं यांच्यामध्ये काहीतरी होतं. बारीक, दबलेलं. ओठ जेमतेम उघडले असते असा एखादा शब्द.

“इथे काय म्हणालास? ‘चहा’नंतर?”

त्याने पुन्हा म्हटलं. पडद्यावर नुसतंच ‘चहा’ आलं. आणखी एकदा. तरी तेच. मग देवदत्तने डोळ्यांनी भिंतीवरचा अक्षरांचा जुना तक्ता दाखवला. यंत्र येण्याआधी नजरेने अक्षर दाखवायला वापरायचे तो. तिने तो काढून समोर धरला. त्याची नजर सावकाश फिरली आणि एकाच अक्षरावर थांबली.

ग. मग वर अनुस्वार.

गं.

त्याने “चहा गं” म्हटलं होतं. वैखरीने त्याचं अख्खं वाक्य केलं होतं आणि सोंगाने त्यातलं ‘गं’ गाळलं होतं. दोन्ही यंत्रं आपापल्या परीने खोटी होती. यांच्या मधोमध कुठेतरी तो होता, आणि तिथे बसेल अशी इमेज तिला बांधता येण्यासारखी नव्हती. तिने तक्ता मांडीवर ठेवला. काय वाटतंय ते तिला सांगता आलं नसतं. आनंदही होता, राग होता, आणि कुणीतरी गर्दीत हाक मारून दिसेनासं व्हावं तसं काहीतरी होतं.

सुनंदाताई भाजी घेऊन आल्या. बिनआल्याचा चहा झाला.

परवान्याची मुदत जवळ येत होती. केतकीने ठरवलं ते असं: इमेज साधीच बांधायची. सोबत नवा वाक्यपूरकही द्यायचा, तिने स्वतः जुळवलेला, जमेल तेवढा. पण तो चालावा की नाही हे घरच्यांनी नाही, बोलणाऱ्याने ठरवायचं. पापण्या एका ठरावीक तऱ्हेने मिटल्या की पूरक सुरू, तशाच पुन्हा मिटल्या की बंद. खोब्रागडेंना ते फारसं रुचलं नाही. “म्हणजे हिच्या हातात,” ते म्हणाले. मग स्वतःच म्हणाले, “असो. आधीपण तिच्याच हातात असायचं.”

तिने देवदत्तला सोंगात ते करून दाखवलं. खुर्चीच्या पट्टीवर एक छोटा हिरवा दिवाही ठेवला होता. पूरक चालू असेल तेव्हा तो लागायचा.

“म्हणजे ऐकणाऱ्याला कळेल, शब्द तुझे की भरलेले.”

दिवा नको.

“का? फसवणूक नाही का होणार?”

उत्तर यायला वेळ लागला. देवदत्त शब्द निवडत असावा, गळणार नाहीत असे.

तू बोलतेस. तुझा दिवा कुठे आहे.

तिने तिच्या बहिणीला ‘ये ना राहायला’ म्हटलं होतं, तेव्हा कुठे दिवा लागला होता? कारखान्यातल्या साहेबांना ‘काही हरकत नाही’ म्हणाली तेव्हा? इतकी वर्षं याच माणसाला ‘मी ठीक आहे’ म्हणत आली तेव्हा? तिने प्रोग्राममधली ती ओळ पुसून टाकली.

इमेज खऱ्या यंत्रात घातली ती डॉक्टरांच्या समोर, घरीच. जुनी पुसली जाऊन नवी उभी राहीपर्यंत देवदत्त पूर्ण गप्प होता. तेवढ्या वेळात तिला त्याच्या पहिल्या दिवसांचं इस्पितळ आठवलं, तो गप्प पडून होता ते. तिने त्याचा हात धरला होता की खुर्चीची कड, हे तिला नंतर आठवेना. मग स्पीकरमध्ये खरखर झाली आणि आवाज आला, “गरम होतंय. पंखा.” सुनंदाताईंनी पंखा लावला. डॉक्टर हसले.

पुढचे काही दिवस अवघड गेले. देवदत्त तुटक बोलायचा, तिच्या कानांना ते टोचायचं. केतकीच्या बहिणीला त्याने तोंडावर “कधी जाणार” विचारलं. एका संध्याकाळी दोघांचं जोरात भांडण झालं, दिंडोरीच्या त्या खोलीवरून, कधीचं राहिलेलं. तो एकेका शब्दाने भांडत होता आणि ती वाक्यांनी, आणि तरी तो हरत नव्हता. भांडून झाल्यावर तिला भूक लागली. खूप वर्षांनी ती रागात जेवली.

चंद्रपूरहून, अकोल्याहून, साताऱ्याहून इमेज बसल्याचे निरोप येत राहिले. कुणाच्या घरी काय ऐकू येत होतं कोण जाणे. खोब्रागडेंनी एवढंच कळवलं, “ही कालपासून दोन्ही प्रकारे बोलते. मला ओळखू येत नाही. तुम्हाला येतं का?”

केतकीने उत्तर लिहायला घेतलं आणि अर्धवट सोडलं.

तिलाही येत नव्हतं. सुरुवातीला ती त्याच्या पापण्यांवर नजर ठेवायची. मग ते चोरून बघणं तिला बरं वाटेनासं झालं आणि त्याने बोलायला घेतलं की ती मुद्दाम दुसरीकडे बघू लागली.

एका शुक्रवारी ती कामावरून जरा लवकर आली. सुनंदाताई निघाल्या होत्या. देवदत्त दाराशीच होता, गॅलरीकडे तोंड करून. ती पर्स ठेवत होती, तिची पाठ त्याच्याकडे होती.

“आज लवकर आलीस,” मागून त्याचा आवाज आला. “बरं वाटलं गं.”

ती वळली नाही. वाक्य पुरतं होतं. भरलेलं असेल, किंवा यंत्र त्याचे हलके शब्द पकडायला हळूहळू शिकलं असेल. दोन्ही शक्य होतं. विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं, आणि ते सांगणं तरी कुठल्या वाटेने आलं हे पुन्हा विचारावं लागलं असतं.

तिने चपला काढल्या, एक स्टूल ओढून त्याच्या शेजारी ठेवलं आणि बसली.

“मलाही,” ती म्हणाली, आणि आपण हे मनापासून म्हणालो की सवयीने, हे तिचं तिलाही ठरवता आलं नाही.